पाण्यातली बाज

ते साल दोन हजार बावीस. करोनाच्या दोन उन्हाळ्यांनंतर आलेला तो पहिला मोकळा उन्हाळा, त्यामुळे साल सांगण्यात माझी चूक होणार नाही. मे लागला होता, ईद नुकतीच झाली होती. चंद्रपुरात सकाळी दहानंतर रस्त्यावर फक्त कुत्री आणि पोटासाठी बाहेर पडावंच लागतं अशी माणसं दिसत. अशाच एका संध्याकाळी नूर मोहम्मदभाऊंनी मूल रोडवरचं आपलं गॅरेज मुलाच्या, बिलालच्या, हाती सोपवलं, आणि बिलालने त्यासाठी एक हॉल घेऊन छोटासा कार्यक्रम ठेवला. दोन मोठे कूलर, शाली, हार, आंब्याचा रस, आणि भिंतीवर मोठा टीव्ही लावून जुने फोटो. पहिल्या रांगेत नूरभाऊ आणि माझा नवरा सोमाजी. दुसऱ्या रांगेत नूरभाऊंची बायको खैरून आणि मी. माझ्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'हे' म्हणतात. मीही जन्मभर 'हे' म्हटलं. इथे नाव घेणार आहे. रागाने लिहायचं असेल तर माणसाचं नाव घेऊन लिहावं.

फोटो पुढे सरकत होते. गॅरेजचं उद्घाटन, बिलालची सुन्नत, कुणाचं लग्न. आणि मग तो फोटो आला. वैनगंगेचं उन्हाळी पात्र, गुडघ्याच्या खाली पाणी. त्या वाहत्या पाण्यात चार पाय रोवून उभी असलेली अंबाडीच्या सुतळीची बाज, आणि बाजेवर शेजारी शेजारी बसलेले सोमाजी आणि नूरभाऊ. अंगात बनियन, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, पाय पाण्यात, हातात डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, फोडी. दोघं असे हसत होते की हॉलमधली अनोळखी माणसंही हसायला लागली. कुणी तरी म्हणालं, "क्या दिन थे!" बिलाल माइकवर म्हणाला, "हा फोटो मीच काढेल आहे, कॉलेजात होतो तवा. आमच्या घरचे सारे लोक उनाळ्यात दर इतवारी नदीवर जात. अब्बू, अम्मी, सोमाजीकाका, काकू. सारे मिळून गंज मजा करत." टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. खैरूनने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि विचारलं, "भागीरथा, यात आपुन कुठी आहो?"

मी पुन्हा नीट बघितलं. दोघांच्या डोक्यांच्या मागे वाळूचा पट्टा होता, आणि त्या पट्ट्यावर एका कोपऱ्यात निळसर अशी रेघ वर चढत गेलेली. मी म्हटलं, "मागं धूर दिसून राह्यला ना? तो धूर म्हणजे आपुन."

हे मी गमतीने म्हटलं. खैरून हसलीही. पण म्हटल्याबरोबर माझ्या तोंडातला आंब्याचा रस कडवट झाला, आणि पुढचे फोटो मला दिसले नाहीत. घरचे सारे लोक. सारे मिळून. मजा. एखादं वाक्य आपण वर्षानुवर्षं ऐकलेलं असतं, आपणही उच्चारलेलं असतं, आणि एके दिवशी ते माइकवरून आलं की भलतंच वाटतं. मी शाळेत मास्तरीण होते. मुलांनी गणित चुकवलं तर उत्तर नव्हे, पायरी बघावी असं मी शिकवलेलं. मी तिथे कूलरच्या ओल्या वाऱ्यात बसून पायरी शोधायला लागले.

सोमाजी बांधकाम खात्यात मिस्त्री होते. खात्याची जीप नूरभाऊंच्या गॅरेजला यायची, आणि ती इतक्या वेळा यायची की दोघांची मैत्रीच झाली. मग दोघांच्या बायकांची झाली. आमचं शहर उन्हाळ्यात माणसाला सहन करत नाही. भिंती संध्याकाळपासून तापलेला श्वास सोडायला लागतात, नळाचं पाणी हाताला चटका देतं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची काळी भुकटी बसते. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या की दोन दिवस घरात पावसासारखा वास येतो आणि तिसऱ्या दिवसापासून नुसता दमटपणा. अशात पहिल्यांदा नूरभाऊंनीच सुचवलं की रविवारी गॅरेज बंद असतं, दुरुस्त केलेली एखादी जीप उभीच असते, ती जरा चालवूनही बघितली जाईल, तर नदीवर जाऊ. पोंभुर्ण्याच्या पुढे वैनगंगेच्या वाळूत झिंगू ढिवराची डांगरवाडी होती. उन्हाळ्यात पात्र आटलं की तो वाळूत खड्डे घेऊन डांगरं लावायचा, आणि राखणीसाठी तिथेच कुडाच्या झोपडीत राहायचा. बाज त्याची. पहिल्याच रविवारी सोमाजींनी ती उचलून पाण्यात नेऊन ठेवली. झिंगू ओरडत आला, आणि मग बघून खूश झाला. म्हणाला, "नेत जा साहेब, नेत जा. भिजली का अंबाडी कसते. तुमच्या बुडाखाली माही बाज दरसाल नवी होते."

तेव्हापासून उन्हाळ्यातला रविवार म्हणजे नदी. पहाटेच निघायचं, जीपची ताडपत्री फडफडायची, मागे आम्ही दोघी आणि पायांशी गोवऱ्यांचं पोतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मोहाच्या फुलांचा तो गोड, थोडा नासल्यासारखा वास. जंगलाच्या कडेला बाया द्रोणांत तेंदूची पिकली टेंभरं घेऊन बसलेल्या असत. खैरूनला टेंभरं फार आवडत. ती ओढणीत बिया साठवून माझ्या पायांवर एकेक मारायची. त्या वेळी ती मला थोरल्या बहिणीसारखी नव्हे, शाळेतल्या मैत्रिणीसारखी वाटायची. नदी दिसली की नूरभाऊ हॉर्न वाजवत, झिंगूची कुत्री धावत येत. सोमाजी वळून मला म्हणत, "पाह्य, आली तुही गंगा." त्यांच्या कपाळावरचे केस वाऱ्याने उभे झालेले असत, आणि आठवडाभर खात्यात साहेबांची बोलणी खाणारा तो माणूस एकदम पोरसवदा दिसायचा. मला तेव्हा त्यांच्या मानेला हात लावावासा वाटे. जीपमध्ये माणसं असल्याने लावला नाही, पण वाटे. खोटं कशाला लिहू, मला ते रविवार आवडायचे. आवडायचे, म्हणून तर राग येतो. न आवडलेल्या गोष्टीचा माणूस हिशेब करत नाही, ती विसरून जातो.

नदीवर पोचलं की पुरुष पाण्याकडे जात आणि आम्ही वाळूवर चूल मांडत असू. कुणी तसं ठरवलं नव्हतं. जीपमधून गोवऱ्या आणि पाण्याची घागर ज्या बाजूने उतरत, त्या बाजूने आम्ही उतरत असू. रोडगे हा उन्हाळ्यात नदीवर करायचा पदार्थ नाही हे मला आज कळतं. जाडसर कणीक घट्ट मळा, एकात एक पदर घालून गोळे करा, गोवऱ्या पेटवा, जाळ पूर्ण बसू द्या, मग निखाऱ्यावर गोळे फिरवत राहा आणि शेवटी गरम राखेत पुरून ठेवा. सगळ्या कामात घाई चालत नाही, आणि आगीपासून उठता येत नाही. वर मे महिन्याचं ऊन, खाली तापलेली वाळू, पुढ्यात विस्तव. बांगडी तापून मनगटाला चटका द्यायची. पापण्यांवरून घाम डोळ्यांत उतरायचा आणि पिठाचे हात असल्याने तो पुसता यायचा नाही, मग खैरून तिच्या ओढणीने माझे डोळे पुसायची आणि मी माझ्या पदराने तिचे. शिवाय वांग्याची भाजी, डाळ, कधी खैरूनने घरून आणलेला खिमा गरम करायचा. पुरुषांचा रविवार रविवारी सुरू व्हायचा. आमचा शनिवारी दुपारी, चक्कीवरून जाडसर दळून आणण्यापासून.

पाण्यातून नूरभाऊंची हाक यायची. मनाचा मोठा माणूस, त्याच्या हाकेत लबाडी नसे. "भागीरथावैनी, या ना! पाणी फस्कलास हाये!" मी म्हणायची, "होऊ द्या भाऊ आधी सयपाक." मग जेवणं. पुरुष बाजेवरच जेवत, ताटं पाण्यातून नेऊन द्यावी लागत. मग आमचं जेवण, तोवर रोडग्यांवरचं तूप थिजलेलं नसे, ते उन्हाने पातळ होऊन ताटभर पसरलेलं असे. मग भांडी. आमचे पाय वैनगंगेत गेलेच नाहीत असं कुणी म्हणू नये. ताटं नेताना गेले, भांडी घासताना गेले. वाळूने पातेली घासताना खैरून पाण्यात पाय पसरायची आणि म्हणायची, "पुढच्या इतवारी आपुन दोघी बसू बाजेवर." मी म्हणायची, "बसू." तोवर सोमाजी बाजेवर आडवे होऊन घोरत असत, आणि नूरभाऊ तोंडावर रुमाल टाकून. त्या चुलीपाशीच मला खैरूनचं सगळं आयुष्य कळलं, तिला माझं. तिचं पहिलं बाळ कसं गेलं ते तिने मला गोवऱ्या उलटत सांगितलं होतं. धुरामुळे आमच्या डोळ्यांतलं पाणी कशाचं हे कुणाला कळायचं नाही, ही एक सोय होती. म्हणजे त्या चुलीनेही मला काही दिलं. पण तिने दिलं म्हणून जे घेतलं ते माफ होतं का, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

कार्यक्रम संपून आम्ही चौघं हॉलचा जिना उतरत होतो. खैरूनचे गुडघे तोवर गेलेलेच होते, ती एका पायरीवर थांबली आणि कठड्याला धरून म्हणाली, "ऐका. या उनाळ्यात एक इतवार नदीवर जाचं. बाजेवर आमी दोघी बसू. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. सयपाक तुमी कराल, आमाले ताट पाण्यात आणून द्याल."

नूरभाऊ एवढे हसले की त्यांच्या गळ्यातल्या हाराची फुलं गळली. "एवढंच? अवं, तवाच सांगाचं ना! इतक्या वर्षांत काऊन नाई सांगतलं?"

"तुमी काऊन नाई इचारलं?"

"हाक त मारत होतो ना दरवेळी! वैनीले इचार."

सोमाजी म्हणाले, "बसा बाप्पा, बसा. आमी करू रोडगे. त्यात काय हाये, कणकीचे गोळे त आहेत."

त्यात काय हाये. हे तीन शब्द मी पुढचे सगळे दिवस घेऊन फिरले. दुपारी कूलरपुढे पडले की ते कूलरच्या पंख्याबरोबर गरगरत. दूध तापवताना, नळाखाली बादली भरताना, सोमाजींच्या बनियनला नीळ देताना. आम्हाला नदीवर पाच मिनिटं नको होती. कौतुक नको होतं. त्यांना मिळायचा तसा, अख्खा, दुसऱ्या कुणाच्या हातचं जेवण समोर येणारा एक रविवार हवा होता. एकच. तो मिळेल की नाही, यावर मला एवढी धाकधूक वाटावी याचंच मला नवल वाटे. सत्तरी उलटलेली बाई मी. मला हजला जायचं नव्हतं, काशीला जायचं नव्हतं. एका खाटेवर बसायचं होतं.

मे अखेरचा रविवार ठरला. बिलालने नवी गाडी आणली, काचा बंद, आत थंडगार. मोहाचा वास आत आला नाही. सोमाजी आणि नूरभाऊ वाटभर लग्नाला निघाल्यासारखे बोलत होते. कणीक किती, मीठ किती, वांगी भाजायची की चिरायची, असं एकमेकांना विचारत, आणि मधूनच मान वळवून माझ्याकडे बघत. मी खिडकीबाहेर बघत होते. झिंगू म्हातारा झाला होता, वाडीही आखडली होती, पण बाज तीच म्हणाला. कदाचित नव्हती. "आज बायामानसं बसनार? बसा माय, बसा. बाजीले का कळते कोन बसलं त." नूरभाऊंनी परातीत कणीक भिजवली, तोवर बिलालने आणि सोमाजींनी बाज पाण्यात नेली, नेहमीच्या जागी, नेहमीसारखी लावली. खैरूनला आम्ही दोन्ही बाजूंनी धरून नेलं. ती टेकली तेव्हा अंबाडी करकरली. मग मी बसले. पाणी पायांना लागलं. वरचं पाणी कोमट होतं, तळाशी, बोटांच्या खाली, वाळूतून थंड झिरपत होतं. खैरूनने डोळे मिटून घेतले आणि नुसतं "हाय अल्ला" म्हटलं.

आणि तेवढ्यात बिलाल पाण्यातून शाली घेऊन आला. कार्यक्रमातून उरलेल्या दोन शाली. मे महिन्यातल्या भर उन्हात त्याने आम्हा दोघींच्या अंगावर शाली घातल्या, आपल्या बापाला आणि सोमाजीकाकाला आमच्या दोन्ही बाजूंना उभं केलं, आणि मोबाइल धरून बोलायला लागला. "आज आमच्या अम्मीले आणि काकूले अब्बू आणि काकांनी सरप्राइज देलं हाये. आज सारा सयपाक जेन्ट्स करनार." नूरभाऊंनी मोबाइलकडे बघून हात हलवला. सोमाजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नानंतर माणसांपुढे पहिल्यांदा त्यांनी मला हात लावला, आणि तो असा, मोबाइलसाठी, एखाद्या वासराच्या डोक्यावर ठेवावा तसा. माझ्या मानेवर शालीची लोकर टोचत होती. सरप्राइज! मागून घेतलेल्या गोष्टीला सरप्राइज म्हणतात का? आणि मागायला लागलेली ती गोष्ट तरी काय होती!

बिलालने मोबाइल खाली केला. फोटो बरे आलेत का ते तिघांनी डोकी जुळवून बघितलं. मग नूरभाऊ म्हणाले, "झालं ना आता मनासारखं? चला, या भाईर. जास्त वेळ पाय पान्यात ठेवाल त रात्री दुखतील. वैनी, तेवढी कणीक पाहून घ्या बरं, आमच्यानं पातळ झाली." आणि माझ्या लक्षात आलं की सोमाजी बोलता बोलता आपली पँट गुडघ्यावर दुमडत होते.

"नाई," खैरून म्हणाली.

"नाई काय?"

"नाई उतरत."

"अवं, मजाक पुरे. भूक लागून राह्यली सार्‍याइले."

"मंग करा ना सयपाक."

"वैनीच्या हातचे रोडगे..."

"वैनी बी नाई उतरत. इचारा तिले."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सोमाजी एक पाय दुमडलेला, एक पाय तसाच, पाण्यात उभे होते. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, खरंखुरं न कळणं होतं. मी "नाही" म्हटलं. तो आवाज शाळेतला निघाला, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. अंगावरची शाल काढून मी बिलालच्या हातात दिली. खैरूननेही दिली. बिलाल शाली कवटाळून आपल्या बापाकडे बघत राहिला, आणि मग तिघं वाळूकडे परत गेले.

इथून पुढचं सांगणं मला जड जातं, कारण इथून पुढे मजा सुरू व्हायला हवी होती. मी बाजेवर बसले होते. पाय पाण्यात होते. वारा पाण्यावरून येत होता, तो चुलीवरच्या वाऱ्यासारखा नव्हता, त्यात ओल होती. पण मला बसता येईना. पाठीचा कणा ताठ, तळहात गुडघ्यांवर उपडे, जणू कुणी आत्ता हाक मारेल. माझे कान मागे गेले होते. गोवऱ्यांवर रॉकेल ओतल्याचा वास आला. रॉकेल! रोडग्यांना आता घासाघासाला त्याचा वास येईल. मग जाळ भडकल्याचा आवाज. जाळ बसू द्या, मी मनात म्हणाले, आत्ता गोळे टाकू नका. त्यांनी टाकले. ओल्या कणकीचा चर्र असा आवाज मला पाण्यावरूनही ऐकू आला. थोड्या वेळाने कोंडा करपल्याचा वास. कुठल्या बाजूने करपतोय तेही मला कळत होतं, वाऱ्याच्या बाजूने. माझा उजवा हात आपोआप फिरत होता, गोळा फिरवतात तसा. मी तो डाव्या हाताने धरला. आणि तेव्हा मला जो राग आला तसा मला त्याआधी कधी आला नव्हता. सोमाजींचा नाही, नूरभाऊंचा नाही, बिलालच्या शालीचाही नाही. तो याचा होता की या लोकांनी माझ्याकडून फक्त जागा घेतली नव्हती, बसणंही घेतलं होतं. सुख भोगायलाही अंगाला सवय लागते. सकाळ दुपारमध्ये कशी विरघळते ते नुसतं बघत राहायला, डांगराच्या बिया पाण्यात थुंकायला, जेवण येईल तेव्हा येईल म्हणून डोळे मिटायला. ही सवय त्या दोघांच्या अंगात तीस उन्हाळे मुरत गेली, आणि माझ्या अंगात तीस उन्हाळे राखेची ऊब. आता जागा दिली. आता घे म्हणाले. कशाने घेऊ?

"भागी!" सोमाजींची हाक आली. "एक मिनिट येतं काय? फक्त पाहून जा. मंग बैस खुशाल."

एक मिनिट. मी उठले. खरंच उठले, पाण्यात उभी राहिले. बाज खैरूनच्या बाजूने कलली आणि तिने एका हाताने कड धरली, पण मला धरलं नाही. ती मला बैस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तिच्या तोंडाकडे बघितलं तर ती समोर बघत होती. म्हणून मीही समोर बघितलं.

नदी माझ्याकडे येत होती. वरच्या अंगाने, वळणावरून, रुंद, पातळ, उन्हात पत्र्यासारखी चमकत ती सरळ आमच्या पायांकडे येत होती. पलीकडचा गडचिरोलीचा काठ उन्हाच्या झळांमध्ये हलत होता, आणि त्या काठावरचं जंगल असं निळं दिसत होतं की ते पानांचं आहे असं वाटू नये. दोन टिटव्या पाण्याला चिकटून उडत गेल्या. वाळूच्या एका बेटावर कुणाची तरी नाव उलटी घालून ठेवलेली होती. चुलीपासून यातलं काहीच दिसत नसे. चुलीपासून दिसायच्या त्या दोन पाठी. मी वळून वाळूकडे बघितलं, पुन्हा नदीकडे बघितलं, आणि मला पायरी सापडली. बाज ते नेहमी अशीच लावत. तोंड वरच्या धारेला, पाठ आम्हाला. त्यांना आम्ही कधी दिसलोच नव्हतो, हे खरं होतं. नूरभाऊंच्या "काऊन नाई सांगतलं" मध्ये खोट नव्हती. पण पाण्यात बाज चारही बाजूंनी ठेवता येते. कुठे पाठ करायची हे ठेवणाराच ठरवतो. त्यांनी दर रविवारी, दर उन्हाळ्यात, हे ठरवलं होतं, आणि मग मान न वळवता हाक मारली होती, या ना, पाणी फस्कलास हाये.

मी पुन्हा खाली बसले. नदीकडे तोंड करून, चुलीकडे पाठ करून. "भागी," हाक आली. मी वळले नाही. खैरून म्हणाली, "जळून राह्यले वाटते." मी म्हटलं, "जळू दे." मग कितीतरी वेळाने माझे खांदे खाली आले. ते इतके वर होते हे ते खाली आल्यावर कळलं.

जेवण आलं तेव्हा दुपार कलायला लागली होती. दोन पुरुष दोन ताटं घेऊन पाण्यातून येत होते. नूरभाऊंचं तोंड विटकरीसारखं लाल झालेलं, बनियन अंगाला चिकटलेलं. सोमाजींचे डोळे धुराने सुजलेले, भुवयांवर राख, अंगठ्याला भाजल्याचा फोड. रोडगे बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची कणीक. वांगी रॉकेलच्या वासाची. खैरूनने एक घास घेतला आणि म्हणाली, "चांगलं झालं." तिने ते ज्या चवीने खाल्लं, तसं मी तिला कधी खाताना बघितलं नव्हतं.

सोमाजी माझ्यापुढे उभे राहिले. म्हणाले, "लय गरम हाये तिकडे."

मी म्हटलं, "हो."

ते वळून चुलीकडे बघत राहिले. वाळूवर गोवऱ्या अजून धुमसत होत्या, बिलाल सावलीसाठी गाडीच्या आडोशाला बसला होता. ते काही बोलतील असं मला वाटलं. काही तरी शब्द त्यांच्या ओठांपाशी आला होता, मी इतकी वर्षं त्या ओठांबरोबर राहिले, मला ते कळतं. मग ते म्हणाले, "उतर आता, भागी. पुरे झालं. मले बी जरा बसू दे."

मी म्हटलं, "दिवस बुडू द्या."

आणि दिवस बुडेपर्यंत आम्ही उतरलो नाही. ते दोघं बाजेच्या कडेशी पाण्यात उभे राहिले, मग थकून काठावर ओल्या वाळूत बसले. परतताना गाडीत खैरून माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि भांडी न घासता तशीच पोत्यात भरलेली असल्याने वाटभर खडखडत राहिली.

नूरभाऊ पुढल्या वर्षीच्या हिवाळ्यात गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. मी त्यांच्यासाठी रडले, आणि ते रडणं खरं होतं. बिलालने गॅरेज वाढवलं. त्या दिवशीचा शालींचा व्हिडिओ तो अजून दर उन्हाळ्यात नातेवाइकांना पाठवतो, नंतरचं काही त्याच्याकडे नाही. झिंगूने डांगरवाडी सोडली, तो आता मुलीकडे गोंडपिपरीला असतो आणि त्याला नीट दिसत नाही. खैरून तिच्या मुलीकडे, अंजुमकडे, वडशाला राहायला गेली. रविवारी दुपारी तिचा फोन येतो. "काय करून राह्यली?" ती विचारते. मी म्हणते, "बसून राह्यली." त्यावर ती खुशीत हसते, आणि आम्ही दोघी फोन कानाला लावून काही न बोलता पुष्कळ वेळ बसतो.

सोमाजी ऐंशीला आले आहेत. कान मंदावलेत, चालणं ओसरीपुरतं राहिलंय. कुणी भेटायला आलं की ते त्या रविवारची गोष्ट सांगतात, अगदी रंगवून. बायकोसाठी कसे पहाटे उठून कणीक मळायला बसलो, पाण्यात कशी बाज लावून दिली, ऊन किती होतं, अंगठा कसा भाजला. आलेला माणूस भारावून माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, काकू, तुम्ही नशीबवान. मी सगळं बोलू देते. मध्ये बोलत नाही, अंगठ्याचं खरंच आहे. फक्त त्यांनी गोष्ट संपवून पाण्याचा पेला उचलला की मी त्यांच्या कानाशी वाकते, आणि आलेल्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणते, "आणि तुम्ही मला उतर म्हणालात. तेही सांगा."